वाघमारे बाईंचा उपास

परवा आमच्या सूनबाईंनी विचारलं, "आई, मी सोळा तासांचं फास्टिंग सुरू करू का? ऑफिसमध्ये सगळेच करतायत." हातात फोन, फोनवर कुणीतरी पिळदार दंडाचा माणूस हातवारे करतोय. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "आधी रक्त तपासून घे, कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचार, आणि काय करशील ते घरात लपवू नकोस," एवढं एका दमात सांगून मोकळी झाले. ती बघतच राहिली. एरवी मी कुठल्याही प्रश्नाला आधी टोमणा मारते आणि मग उत्तर देते. तिला काय माहीत, त्या क्षणी मला वाघमारे बाई आठवल्या होत्या.

सुमन वाघमारे. पुण्यात विश्रांतवाडीला आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी गणित. वर्ग शेजारी शेजारी, मधली भिंत नावापुरती. माझी समीकरणं त्यांच्या मुलांना पाठ आणि त्यांचे मोसमी वारे माझ्या मुलांना. बांधा ठेंगणा, भक्कम. कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला दोन पिना. सातवीतल्या पोरालासुद्धा त्या 'आपण' म्हणायच्या. "आपण काल कुठे होतात? वेधशाळेत?" असं विचारलं की पोरगं लाजून अर्धं व्हायचं. मी पोरांना सरळ गाढव म्हणायचे, पण माझ्या गाढवापेक्षा त्यांच्या 'आपण'ची दहशत जास्त होती, हे मला आजतागायत झोंबतं.

नकाशा काढायची त्यांची एक तऱ्हा होती. तोंड वर्गाकडे, बोलणं चालू, आणि हात मागे फळ्यावर. खडू न उचलता एका रेषेत अख्खा महाराष्ट्र. कोकणाचा किनारा सरसर खाली यायचा, गोव्यापाशी वळायचा, चंद्रपूर-गडचिरोलीचा कोपरा घेऊन वर जायचा. नवीन मुलं तोंडाचा आ करून बघायची. मी एकदा रिकाम्या वर्गात तसा प्रयत्न केला. माझ्या महाराष्ट्राचा बटाटा झाला.

पण एवढा हात सराईत असलेल्या या बाईला कुठलाही निर्णय म्हणून झटपट घेता यायचा नाही. "बघू. घाई काय आहे?" हे त्यांचं पालुपद. साडी घ्यायची तर लक्ष्मी रोडच्या तीन चकरा, तिसऱ्या चकरेला दुकानदारच वैतागून म्हणणार, "बाई, मीच सांगतो, हिरवी घ्या." शाळेची सहल ठरली की त्या आधीच्या रविवारी एकट्या एसटीने तिथे जाऊन यायच्या. मी म्हटलं, "अहो, फोटो बघितलेत ना सगळ्यांनी?" तर म्हणाल्या, "फोटोत संडास दिसत नाहीत, मॅडम." त्यांचं बरोबर असायचं, हाच त्रास होता.

जेवणाच्या बाबतीत मात्र 'बघू' नाही. मधली सुट्टी झाली की हात धुवायचे, डबा उघडायचा, आणि अर्धी भाकरी पोटात जाईपर्यंत अवाक्षर नाही. कुणी शाळेच्या कटकटी काढल्या तर डाव्या हाताने थांबवायच्या. वाद घालायचाच असेल तर आधी जेवून घ्या, म्हणायच्या, उपाशीपोटी माणूस खरं बोलत नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये उपास म्हणजे सण. संकष्टी असो, एकादशी असो, श्रावणी सोमवार असो, डब्यांची झाकणं उघडली की वास घमघमायचा. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, वर दाण्याचा लाडू. मी कसब्यातली, तांबट आळीतली. माहेर आणि सासर एकाच गल्लीत. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत न जेवणं माझ्या हाडातच आहे, आणि चंद्र दिसेपर्यंत चरत राहणंही. मी शाळेत लागले त्याच महिन्यात एका संकष्टीला बाई माझ्या डब्यात डोकावल्या आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "वडके मॅडम, असा उपास असेल तर मी रोज करायला तयार आहे."

सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ताडकन म्हटलं, "मग करा ना एक दिवस! की तुमच्याकडे चालत नाही?"

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्याकडे उपास पिढ्यान्‌पिढ्या झाले, मॅडम. फक्त त्यांना कुठल्या देवाचं नाव नव्हतं."

  मग त्यांनीच स्वतःच्या डब्यातली मेथीची भाजी माझ्याकडे सरकवली आणि लगेच मागे ओढली. "अरे हो, तुम्हाला आज चालायची नाही." तेव्हापासून आमची मैत्री झाली.

बाईंच्या आई त्यांच्याजवळच राहायच्या. बाईंचे यजमान लवकर गेलेले, मुलगी लग्न होऊन मांजरी गावाला. तेव्हा विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये या मायलेकी दोघीच. आई दौंडकडच्या खेड्यातल्या. त्यांच्या वडलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या परकरात होत्या. घरातले देव गेले, व्रतं गेली, सोमवार-शनिवार गेले. बाकीचं काय त्यांना कळलं असेल नसेल, पण उपास गेले हे पक्कं कळलं. पुढे संसार झाला तरी त्यांचा एकच कायदा राहिला: आपल्या घरातून कुणी उपाशी उठायचं नाही. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायच्या. मी एकदा बाईंना विचारलं, "पौर्णिमेला तुमच्यातही उपोसथ करतात ना? दुपारनंतर जेवत नाहीत?" बाई म्हणाल्या, "करतात ना. आईचं ते न जेवायचं शील रात्रीचं जेवण झाल्यावर सुरू होतं."

हे सगळं असं हसतखेळत चाललं होतं, आणि बाईंची साखर वाढली.

तशी ती बऱ्याच वर्षांची होती. गोळ्या चालू होत्या. पण त्या वेळचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सांगितलं की आता असंच राहिलं तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल. बाई शाळेत आल्या त्या राखेसारखा चेहरा घेऊन. त्यांच्या थोरल्या भावाला इंजेक्शन सुरू झालं आणि वर्षभरात त्याचा पाय गेला होता. घरात सगळ्यांनी खूणगाठ बांधून ठेवली होती की इंजेक्शनाने पाय नेला. मी म्हटलं, "अहो, साखरेने नेला! इंजेक्शन उशिरा आलं." त्या म्हणाल्या, "कळतं मला. पण सुई बघितली की मला दादाचा पायच दिसतो."

तेवढ्यात आमचे शिंदे सर. खेळाचे शिक्षक, तरुण, नुकतंच पोट उतरवलेलं. "मॅडम, सिंपल आहे. रात्री आठला लास्ट मील, मग डायरेक्ट दुसऱ्या दिवशी बारा. बॉडीला ब्रेक द्या. शुगर ऑटोमॅटिक डाऊन. माझ्या काकांची गोळी बंद झाली." पोरगा मनाने चांगला होता, पण त्याला स्वतःला कधी डोकेदुखीचीही गोळी लागलेली नव्हती. त्याचं कुणी का ऐकावं?

पण बाई ऐकत होत्या. त्यांची पद्धत सुरू झाली. एकेकाला गाठून मत विचारायचं. चित्रकलेच्या बाईंना विचारलं, शिपाई काळे मामांना विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. गंमत अशी की आयुष्यभर चतुर्थ्या करणाऱ्या आम्ही विरोधात, आणि ज्यांनी कधी उपास धरला नाही ते सगळे बाजूने. मला विचारलं तेव्हा मी चिडूनच म्हटलं, "तुमच्या डॉक्टरांना विचारा की! मी काय आहे, गणिताची मास्तरीण."

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग झालं तर!"

"नाही म्हणाले की मग सुईच उरते, मॅडम." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आणि आईला काय सांगू? साखर कमी व्हावी म्हणून मी जेवत नाही? तिला जेवत नाही एवढंच ऐकू येईल."

मग त्या "बघू" म्हणाल्या. मला वाटलं, चला, आता महिनाभर निश्चिंती. या बाईने साडीला तीन चकरा घातल्या, ती उपासाला दहा घालेल. पण साडीची भीती नसते, सुईची होती. भीतीने माणूस भराभर ठरवतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

नंतर कळलं ते असं. बाईंनी गुपचूप सुरू केलं होतं. सकाळी आई समोर बसायच्या. त्यांच्या दृष्टीने लेकीच्या आजाराची सगळी जबाबदारी त्यांची. हातात पाण्याचा पेला घेऊन, "गोळी घेतली का?" बाई आईच्या डोळ्यांदेखत गोळी घ्यायच्या. आणि नाश्ता? "उशीर झालाय गं, शाळेत खाते," म्हणून डब्यात भरून घ्यायच्या. शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत तो उघडायचाच नाही. आईचं मन राहिलं, उपासही राहिला. पोटात जायची ती फक्त गोळी. जगाचे वारे कुठून कुठे वाहतात ते पोरांना शिकवणारी बाई, पण आईसमोर खोटं बोलायची वेळ आली तेव्हा एवढंही सुचलं नाही की साखर उतरवणारी गोळी रिकाम्या पोटी काय करेल. मला अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

त्या दिवशी नेमकी अंगारकी होती. सकाळचाच तास. मी आठवीला बीजगणित शिकवत होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "ए! तू! बस खाली!"

माझा खडू थांबला. वाघमारे बाई, आणि 'तू'? पाठोपाठ डस्टर आपटल्याचा आवाज. मग एकदम शांतता. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी वर्ग तसाच सोडून पलीकडे गेले.

बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. नेहमीसारखं तोंड वर्गाकडे, हात मागे. फळ्यावर महाराष्ट्र होता आणि त्याचा किनारा उजवीकडे होता. समुद्र नागपूरच्या बाजूला. हात तसाच रेघ ओढत होता, रेघ फळा सोडून भिंतीवर गेली होती. पोरं हसतही नव्हती. बाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता, ब्लाउजची पाठ भिजलेली, आणि डोळे माझ्याकडे होते पण मला ओळखत नव्हते.

माझ्या सासऱ्यांची साखर अशीच एकदा उतरली होती. मी ओळखलं. "बाई, खाली बसा." त्यांनी माझा हात झटकला. "कोण तू? तास चालू आहे माझा!" त्या वेळी मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नाही. कमरेला मिठी मारून त्यांना खाली बसवलं आणि ओरडले, "काळे मामा, साखर! चहाची साखर आणा, पाण्यात घालून, पळा!"

मामा पळाले. तेवढ्या वेळात अख्खी स्टाफरूम धावून आली. अंगारकी! प्रत्येकीच्या हातात आपापला डबा. कुणी राजगिऱ्याचा लाडू पुढे करतंय, कुणी केळं, कुणी वऱ्याचे तांदूळ. शिंदे सर दारात पांढरे पडून उभे. मी सगळ्यांना हाकललं, "चावायचं काही देऊ नका, घशात अडकेल!" साखरेचं पाणी आलं. एकेक घोट. पहिला ओघळला, दुसरा गिळला. मग थांबायचं. पेल्यातलं पाणी संपत आलं तरी त्यांची नजर जागेवर येईना. माझ्या मनात एकच, या बाईची आई घरी वाट बघत असेल आणि मी तिला काय सांगणार आहे.

मग पापण्या हलल्या. बाईंनी फळ्याकडे पाहिलं. "हे कुणी काढलं?" म्हणाल्या. मला रडू फुटलं. त्यांनी आजूबाजूला उघडे डबे बघितले, हातात दिलेलं केळं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अंगारकीला सगळ्यांनी मिळून माझा उपास मोडलात होय?"

रिक्षा करून आधी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, त्याचंच बाईंना जास्त लागलं. "उपासाला माझी सरसकट ना नाही," ते म्हणाले. "पण ही गोळी पोटात असताना नाही. आणि चोरून तर नाहीच. तुमची साखर आता जिथे आहे तिथे मी इंजेक्शनच सांगेन. तरी उपासच करून बघायचा असेल तर गोळ्या बदलू, रोज साखर मोजू, माझ्या नजरेखाली करू. सुई नको म्हणून करत असाल तर मात्र करू नका. विचार करून सांगा."

बाई म्हणाल्या, "बघू."

घरी पोचलो तर आई दारातच. शाळेच्या वेळेत लेक घरी, सोबत मी. रिक्षात बाईंनी माझा हात धरून बजावलं होतं, आईला सांगू नका. मी म्हटलं होतं, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं." आईंनी लेकीच्या खांद्यावरची पिशवी घेतली, सवयीने डबा बाहेर काढला आणि वजनावरूनच थबकल्या. झाकण उघडलं. सकाळचे पोहे जसेच्या तसे.

बाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. आई, साखरेसाठी म्हणून केलं. इंजेक्शन नको म्हणून केलं. काही दिवस झाले, सकाळचं खात नाही. मी भिंतीला टेकून उभी, जीव मुठीत धरून. आता ही म्हातारी कडाडणार, मला वाटलं. कडाडायलाच हवं होतं. मी तिच्या जागी असते तर डबा भिरकावला असता.

आईंनी डबा ओट्यावर ठेवला. आत जाऊन स्वतःचं ताट आणलं. भाकरी, वरण, वांग्याची भाजी. लेक येईल तेव्हा जेवू म्हणून त्याही जेवल्या नव्हत्या. ते ताट त्यांनी दुसऱ्या ताटाने झाकलं आणि बाजूला सारलं.

"तुझ्या जिवाला गुण येत आसंल तर कर बाई," त्या म्हणाल्या. "मीबी तुझ्यासंगं ऱ्हाते. मला सवय हाय त्याची."

कुठेही टोमणा नव्हता. अगदी मनापासून म्हणाल्या, जशी एखादी आई म्हणते की चल, मीही येते तुझ्याबरोबर दवाखान्यात. त्या पुढे गुडघ्यावर हात ठेवून विचारायला लागल्या, पाणी पेलेलं चालतं का, च्या चालतो का. बाई त्या झाकलेल्या ताटाकडे बघत होत्या. मी त्या घरातून कशी बाहेर पडले मला ठाऊक नाही. जिन्यात बसून पदरात तोंड खुपसून रडले. माझ्या जन्मभराच्या संकष्ट्या मला त्या जिन्यात नकोशा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत हात धुतले, डबा उघडला, अर्धी भाकरी खाल्ली आणि मग बोलल्या. "इंजेक्शनला हो म्हणून आले."

"एवढ्या लवकर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आईने काल दिवसभर काही खाल्लं नाही, मॅडम. मी खाल्लं तरी खाईना. मी खोटंच खाते असं वाटत होतं तिला. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन हो म्हणाले, घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिने ताट घेतलं." उरलेली भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "सुईला भिते मी अजून. पण त्या ताटाला जास्त भिते."

पहिल्या दिवशी सुई टोचून घेताना त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि पाठ केलेल्या नद्या म्हटल्या. पाय वगैरे काही गेला नाही. साखर ताब्यात आली. शिंदे सरांनी मात्र पुढे कितीतरी दिवस बाईंसमोर उपासाचा विषय काढला नाही. बाईच त्यांना चिडवायच्या, "सर, आपण आज काय खाऊन आलात? की हवा?"

बाई नंतर निवृत्त झाल्या आणि लेकीजवळ मांजरीला राहायला गेल्या. फोन असतो. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या राहिल्यात त्या विश्रांतवाडीच्या घरातल्या, एका सकाळच्या.

फोन आला. "वडके, येता का?" एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅडम नाही. मी गेले. आई झोपेतच गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांना पांढऱ्या लुगड्यात ठेवलं होतं, उशाशी मेणबत्त्या, शेजारच्या बायका हळू आवाजात वंदना म्हणत होत्या. बाईंची लेक मांजरीहून निघाली होती. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि त्यांचा हात हातात घेतला तर हात गार, ओला. बोटं थरथरत होती. मी चरकले.

"इंजेक्शन?"

"घेतलं. रोजच्यासारखं. मग चहाला उठवायला गेले तर..."

मी उठले. समोरच्या घरातून माणसांसाठी उपमा आला होता, त्यातला ताटलीत काढला, वर साखर भुरभुरली आणि आणून त्यांच्या हातात दिला. कोपऱ्यातून एक चुलत आत्या म्हणाल्या, "अगं बाई, आई अजून उंबऱ्याच्या आत हाय, आन् हिला खायला सुचतंय?" चार माना वळल्या. मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर तयारच होतं.

बाईंनी डाव्या हाताने मला थांबवलं. ताटली घेऊन त्या उठल्या आणि सरळ आईच्या अंगाशी जाऊन, तोंडासमोर मांडी घालून बसल्या.

"आत्या, हिच्यासमोर उपाशी बसले तर उठून बसेल ही," त्या म्हणाल्या.

मग खायला लागल्या. घास उतरत नव्हता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी चावून चावून, एकेक घास. वंदना थांबली होती.  शेवटचा घास संपला तेव्हा बाईंनी ताटली बोटाने पुसून घेतली आणि आईच्या चेहऱ्याकडे किंचित कलती करून धरली, रिकामी दिसेल अशी.